नैरोबीला कोणत्या महिन्यात जावं? आधी परतीचा महिना बघा

"साहेब, पोरगा बोलावतोय नैरोबीला. मे महिन्याचं तिकीट काढू का?"

असा प्रश्न वीस वर्षांपूर्वी कंधारच्या ओपीडीत कुणी विचारला असता, तर मी हसलो असतो. आता हसत नाही, कारण वर्षातून चार-दोन वेळा तरी हा प्रश्न येतोच. मन्याड खोऱ्यातल्या गावांमधली मुलं औषध कंपन्यांत, बांधकामावर, कॉम्प्युटरच्या कामावर आफ्रिकेत जातात. काही प्राध्यापक इथिओपियातल्या विद्यापीठांत शिकवून आले. मुलगा तिकडे स्थिरावला की सून, नातवंडं, आणि मग आई-वडिलांना बोलावणं, हे ओघानंच येतं.

मराठी माणसाला नैरोबी तशी परकी नाही. औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत हे १९४८ ते १९५४ या काळात पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले कमिशनर होते आणि त्यांचा मुक्काम नैरोबीलाच असे. तिथं महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती बसतो. त्यामुळे आई-वडील निघताना चिवडा, मेतकूट, पापड, सगळं बांधून घेतात. तब्येतीचा विचार मात्र निघायच्या आठवड्यात होतो. तोही "तापाच्या, पोटाच्या गोळ्या लिहून द्या साहेब" एवढाच.

कोणता ऋतू चांगला, हे सांगणारे पर्यटन कंपन्यांचे तक्ते भरपूर आहेत. ते प्राणी कधी दिसतात यावर बेतलेले असतात. साठीच्या पुढच्या, बीपी-शुगर-दमा असलेल्या, मराठवाड्यातून निघालेल्या माणसासाठी ऋतू कसा निवडावा, हे त्यात नसतं. माझं मत मी आधीच सांगून टाकतो: नैरोबीसाठी आपल्या लोकांना जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात चांगला, आणि मे महिना सगळ्यात गैरसोयीचा. याची कारणं हवामानात आहेत तशी डासांत आहेत. आणि एक कारण माझ्या स्वतःच्या चुकीत आहे.

विषुववृत्तावर थंडी कशी?

पहिला गैरसमज हा, की आफ्रिका म्हणजे ऊन. नैरोबी विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश दक्षिणेला आहे, पण समुद्रसपाटीपासून सुमारे १,७९५ मीटर उंच आहे. आपलं सह्याद्रीतलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे नैरोबीतला माणूस भाजी आणायला निघतो तोच कळसूबाईच्या वर. 'नैरोबी' हे नावच मसाई भाषेतल्या थंड पाण्याच्या जागेवरून पडलं आहे. १८९९ मध्ये रेल्वेचं ठाणं म्हणून हे गाव वसलं. ती रेल्वे बांधायला तीस हजारांवर भारतीय मजूर नेले होते आणि त्यातले सुमारे अडीच हजार कामावर असताना मरण पावले.

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा तर सुमारे २,३५५ मीटरवर आहे, उटीपेक्षाही वर. तिची गोष्ट ऋतूच्या विषयाला धरूनच आहे. सम्राट मेनेलिक दुसरे यांचं ठाणं आधी एंटोटो डोंगरावर होतं. तिथं थंडी फार. राणी तायतू यांना डोंगराखालचे गरम पाण्याचे झरे आवडले, तिथं वस्ती झाली आणि १८८६ मध्ये त्या वस्तीला नाव मिळालं अदिस अबाबा, म्हणजे 'नवं फूल'. तब्येतीला मानवेल अशी हवा शोधत लोक जागा बदलतात, हे तेव्हापासूनचं आहे. आपल्याला जागा बदलता येत नाही, कारण मुलगा तिथंच राहतो. पण महिना बदलता येतो.

महिन्यांचा हिशेब

आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन सरळ ऋतू. नैरोबीत वर्षातून दोनदा पाऊस पडतो. मोठा पाऊस मार्च ते मे, त्यात एप्रिल सर्वांत जोराचा. लहान पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यात नोव्हेंबर जोराचा. मधले दोन काळ कोरडे.

जानेवारी-फेब्रुवारीत दिवसा पंचवीस ते सत्तावीस अंश, पहाटे बारा-तेरा. आता आपलं बघा. जानेवारीत कंधारला दिवसा तीसच्या आसपास आणि पहाटे बारा-चौदा अंश असतं. म्हणजे अंगाला फारसं काही बदलल्यासारखं वाटतच नाही. तोच स्वेटर, तीच शाल.

मे महिन्यात काय होतं? इथं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत शरीर घाम गाळायला, पाणी राखायला सरावलेलं असतं. सहा तासांच्या विमानानंतर ते ओल्या, ढगाळ, पहाटे चौदा अंशांच्या हवेत उतरतं. तरुणाला हे सुख वाटेल. दमेकऱ्याच्या श्वासनलिकांना ते सुख वाटत नाही. थंड आणि दमट हवेनं त्या आकसतात. बंद खोल्यांत पावसाळ्याची बुरशी धरलेली असते, त्याचा त्रास वेगळाच. गुडघे धरतात, बाहेर चालणं बंद होतं, शुगर वाढते. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत तर केनियात एवढा पूर आला की दोनशेहून जास्त माणसं गेली. नैरोबीतल्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं.

जून ते सप्टेंबर कोरडा काळ असतो, पण जुलै-ऑगस्ट हे नैरोबीचे सर्वांत थंड महिने. दिवसा एकवीस-बावीस, पहाटे अकरा-बारा, आणि दिवस दिवस ऊन नाही. घरांत उष्णतेची सोय सहसा नसते. मसाई मारातली जनावरांची धावपळ बघायला पर्यटक याच काळात जातात, आणि धडधाकट माणसानं खुशाल जावं. जुना खोकला, सीओपीडी असलेल्या आजोबांना मात्र मी जुलैत पाठवणार नाही.

अदिस अबाबाचं गणित वेगळं आहे. तिथला मोठा पावसाळा जून ते सप्टेंबर, जवळपास आपल्यासारखाच. ११ सप्टेंबरला त्यांचं नवं वर्ष सुरू होतं, तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो आणि माळावर पिवळी फुलं येतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिथला सर्वांत चांगला काळ. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री मात्र आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतात. कानटोपी आणि जाड पांघरूण हवंच.

उंचीचा हिशेब

उंच जागी हवेचा दाब कमी, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी. समुद्रसपाटीच्या तुलनेत नैरोबीत तो सुमारे एक पंचमांशानं कमी असतो, अदिस अबाबात सुमारे एक चतुर्थांशानं. आपला नांदेड जिल्हा साधारण चारशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीचाच.

निरोगी माणसाला नैरोबीत काही होत नाही. जिना चढताना दोन दिवस धाप लागेल इतकंच. अदिस अबाबात पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखणं, झोप नीट न लागणं, भूक मंदावणं हे होऊ शकतं. सावकाश फिरा, पाणी प्या, दारू टाळा, बहुतेकांचं आपोआप कमी होतं.

एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा. विमानात केबिनमधला दाब हा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीएवढा ठेवलेला असतो. मागच्या विमानप्रवासात नुसतं बसून धाप लागली असेल, तर अदिसला गेल्यावर तुम्ही महिनाभर त्याच विमानात बसलेले असाल. अशा माणसानं निघण्याआधी छाती आणि हृदय तपासून घ्यायलाच हवं.

आपल्या भागातली खरी अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती म्हणजे बायकांमधला रक्तक्षय. हिमोग्लोबिन आठ घेऊन आपली बाई शेतात दिवसभर खुरपते आणि "मला काही होत नाही" म्हणते. खाली चारशे मीटरवर ते खपून जातं. उंचीवर प्राणवायू आधीच कमी, आणि तो वाहून नेणाऱ्या गाड्याही कमी, मग धाप, धडधड, चक्कर. रक्त वाढायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तिकिटाच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. किनवट-माहूर भागातल्या ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांच्यासाठी कमी प्राणवायू धोक्याचा ठरू शकतो. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा शहराचं तिकीट काढू नये.

ऊन मऊ वाटतं म्हणून फसू नका. विषुववृत्त आणि उंची एकत्र आल्यावर अतिनील किरणं जास्त लागतात. डोक्यावर टोपी किंवा पदर हवाच.

माझी चूक

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी एप्रिलअखेर नैरोबीला गेले. गुरुजींचं वय सहासष्ट, बीपीची एक गोळी, बाकी ठणठणीत. जाण्याआधी भेटायला आले तेव्हा मी म्हणालो, "डासांपासून जपा." ते दंडाकडे बोट दाखवून म्हणाले, "सुई टोचून घेतलीय की, साहेब." ती सुई पीतज्वराची होती. मलेरियाशी तिचा काही संबंध नाही, हे मी त्या वेळी नीट बसवून सांगायला हवं होतं. बाहेर रांग होती. मी सांगितलं नाही.

मुलानं त्यांना शेवटच्या आठवड्यात समुद्र दाखवायला मोंबासाला नेलं. जूनच्या सुरुवातीला ते परत आले. परत येऊन नऊ दिवस झाले आणि गुरुजी ताप घेऊन माझ्याकडे आले. मृगाचा पाऊस नुकताच पडला होता. त्या दिवशी ओपीडीतला दर तिसरा माणूस तापाचा होता. मी त्यांना इतरांसारखंच तपासलं, पॅरासिटामॉल दिली, तीन दिवसांनी रक्त तपासू म्हणालो. तिसऱ्या दिवशी प्लेटलेट कमी आल्या. मी डेंग्यू धरून चाललो. चौथ्या दिवशी सकाळी गुरुजी बरळायला लागले, डोळे पिवळे दिसले. तेव्हा काकू सहज बोलून गेल्या, "तिकडं मोंबासाला डास लय होते, सर."

मी जागच्या जागी थांबलो. रक्ताची काच लगेच करून घेतली. फाल्सिपेरम मलेरिया, आणि काच जंतूंनी भरलेली. आर्टेसुनेटचं इंजेक्शन सुरू केलं, नांदेडला पाठवलं. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून गुरुजी वाचले. आजही बाजारात भेटले की हात जोडतात. मला मात्र त्या नमस्काराची लाज वाटते. "गेल्या महिन्यात कुठं गावाला गेला होता का?" हा एक प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता, तर चार दिवस वाचले असते. त्यांची नैरोबीवारी मला ठाऊक होती, तरी मी विचारलं नाही. कारण तो जून महिना होता, आणि जूनमध्ये आपल्याकडे ताप म्हणजे ताप.

म्हणून परतीचा महिना

नैरोबी शहरात उंचीमुळे मलेरियाचा धोका कमी. अदिस अबाबात तर तो नसल्यात जमा. पण मुलाकडे गेलेले आई-वडील शहरातच बसून राहत नाहीत. मोंबासाचा किनारा, किसुमूचं सरोवर, मारातलं जंगल, इथिओपियात सखल भागातली गावं, असं कुठं ना कुठं जाणं होतं. तिथं डास आहेत आणि मलेरिया आहे, तोही बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदू आणि किडनीवर जाणारा. किनारपट्टीवर मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यांत तो वाढतो. म्हणजे मे महिन्यात जाणारा माणूस डासांच्या ऐन हंगामात तिथं असतो, आणि ताप घेऊन इथं उतरतो तो आपल्या तापाच्या ऐन हंगामात. जून ते ऑक्टोबर आपल्याकडे व्हायरल, डेंग्यू, टायफॉइड, सगळ्यांची गर्दी. त्या गर्दीत आफ्रिकेतला मलेरिया हरवतो. आपल्या भागात मलेरिया आता कमी दिसत असल्यामुळे डॉक्टरच्या मनातही तो पहिल्यांदा येत नाही.

हाच माणूस जानेवारीत जाऊन फेब्रुवारीअखेर परतला, तर? मार्चमध्ये कंधारला तापाची साथ सहसा नसते. एकट्या माणसाला आलेला कडक ताप लगेच नजरेत भरतो. कुणीही विचारेल, "कुठून आलात?" मी जानेवारी-फेब्रुवारीचा आग्रह धरतो तो मुख्यतः याच्यासाठी. हवा चांगली असते हा त्यावरचा नफा.

यावर काही जण म्हणतात, "साहेब, मेमध्ये इथला उन्हाळाच आम्हा म्हाताऱ्यांना मारतो. तिकडं गारवा असतो." यात तथ्य आहे. उष्माघातानं माणसं जातात, हे मी दर वर्षी बघतो. शिवाय शेतकऱ्याला मेमध्येच सवड, नातवंडांना सुट्टी, आणि सुनेचं बाळंतपण तर महिना विचारून येत नाही. मी कुणाला अडवत नाही. मेमध्ये जायचंच असेल तर जा, पण खालच्या गोष्टी दुप्पट काटेकोरपणे पाळा आणि समुद्रकिनाऱ्याची सहल पुढच्या खेपेसाठी ठेवा.

निघण्याआधी

दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जा. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, दमा असेल तर फुफ्फुसाची तपासणी. टायफॉइड आणि कावीळ 'ए'च्या लसींबद्दल विचारा.

पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. त्यासाठी आपल्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरात जावं लागतं, आणि तारीख आधी घ्यावी लागते. एकदाच घ्यायची, प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. थेट भारतातून जाणाऱ्याला तिकडे कदाचित ते कुणी विचारणार नाही, पण केनिया किंवा इथिओपियातून परतताना आपला देश विचारतो. कारण हा आजार पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे, आजार मात्र अजून आलेला नाही, आणि तो येऊ द्यायचा नाही. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विमानतळावर वेगळं ठेवलं जातं. ही जिवंत जंतूंची लस आहे. साठीच्या पुढे, गरोदरपणी, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि नियमात काय बसतं ते केंद्रावर विचारून घ्या.

मलेरियासाठी लस घेतली असं समजू नका. त्याच्या गोळ्या वेगळ्या, आणि त्या जाण्याआधी सुरू करून परतल्यावरही घ्यायच्या असतात. उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन एक-दोन दिवस आधी सुरू होते, रोज घ्यायची, आणि धोक्याचा भाग सोडल्यावर चार आठवडे चालू ठेवायची. लहान मुलांना आणि गरोदर बाईला ती चालत नाही. आपल्याकडची जुनी क्लोरोक्विन तिथल्या मलेरियावर उपयोगी नाही. कुणाला कोणती गोळी, हे डॉक्टरच ठरवतील. संध्याकाळी अंगभर कपडे, डास पळवणारं मलम, आणि रात्री मच्छरदाणी.

रोजची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका. इन्सुलिन तर नाहीच नाही. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास मागे असतं, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा फारशा बिघडत नाहीत.

परतल्यावर

पहिले तीन महिने कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा. एकदा मलेरिया निघाला नाही आणि ताप राहिला, तर पुन्हा तपासा. वर्षभर कोणत्याही तापात डॉक्टरांना सांगा की आफ्रिकेत जाऊन आलो आहे. डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. आम्ही घाईत असतो, आमच्या बाहेर रांग असते, आणि आम्हीही चुकतो.

गुरुजींच्या त्या जूननंतर मी माझ्या टेबलावरच्या काचेखाली एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर एवढंच लिहिलं आहे: 'ताप? कुठून आलात?' चिठ्ठी आता पिवळी पडली आहे. ती मी बदलत नाही, रोज वाचतो.

परवाच्या त्या बाबांना मी मे महिन्याचं तिकीट काढू दिलं नाही. पेरणी, काढणी उरकून, संक्रांतीचे तीळगूळ घेऊन जा, म्हणालो. मुलगा तिथंच आहे, नैरोबीही तिथंच आहे. तोवर काकूंचं हिमोग्लोबिन अकरावर आणू.